कोल्हापुरात राहून शून्यापासून स्वयंपाक शिकायचाय? इथून सुरुवात करा

नोकरीसाठी शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात आला असाल, विद्यापीठात शिकत असाल, बदलीवर आला असाल, किंवा आजवर घरात ज्यांच्या हातचं जेवलात ते माणूस आता नसेल. कारण काहीही असो. चहापलीकडं काही येत नाही आणि खानावळीच्या डब्याचा कंटाळा आलाय, अशा मोठ्या माणसांसाठी हे लिहिते आहे. मी तिशी उलटल्यावर शिकले. ‘बाई असून येत नाही?’ हे बाईला ऐकावं लागतं आणि ‘पुरुष असून कशाला करतोस?’ हे पुरुषाला. दोन्हीकडं लक्ष देऊ नका, पोट आपलं आहे.

मोठेपणी शिकणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते. पाककृती कुठंही मिळते, पण ‘फोडणी करून घ्या’, ‘कांदा परतून घ्या’, ‘मीठ चवीपुरतं’ या शब्दांच्या मागं काय बघायचं, काय ऐकायचं आणि कधी थांबायचं हे तिथं लिहिलेलं नसतं. ज्यांनी लहानपणी ओट्याजवळ बसून बघितलं त्यांना ते सांगावं लागत नाही. आपल्याला लागतं.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. रोज नवा पदार्थ करू नका. भात, आमटी, एक सुकी भाजी, एक उसळ आणि भाकरी हे पाचच धरा आणि तेच तेच करा. सोमवारची आमटी पातळ झाली तर बुधवारी तीच आमटी परत करा. काय बदललं हे तेव्हाच कळतं. सात दिवसांत सात व्हिडिओ बघून सात पदार्थ करणाऱ्याला आठव्या दिवशीही फोडणी जमत नाही.

१. आधी गॅस

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची गाडी इथंच अडते. दोन मार्ग आहेत.

पूर्ण जोडणी घ्यायची, म्हणजे १४.२ किलोची टाकी, तर ही कागदपत्रं जवळ ठेवा:

- आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार. सोबत घरमालकाचं वीजबिल मागून ठेवा
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- बँक पासबुकाची झेरॉक्स
- चालू मोबाईल नंबर. टाकी घरी येते तेव्हा या नंबरवर आलेला कोड सांगावा लागतो, म्हणून बंद पडणारं सिम देऊ नका

पत्त्याचा पुरावा नसेल तर ५ किलोची छोटी टाकी घ्या. इंडेनची ‘छोटू’, एचपीची ‘अप्पू’ आणि भारत गॅसची ‘मिनी’ अशी ती मिळते. गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर नुसतं ओळखपत्र दाखवून देतात. एकट्या माणसाला ती बरेच दिवस पुरते. दुकानाच्या मागच्या बाजूला मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. असा भरलेला गॅस कधी कुणाच्या जिवावर बेतेल सांगता येत नाही.

टाकी घेताना वरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूनं इंग्रजी ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे दिसतील. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. टाकीची पुढची तपासणी तोवर व्हायला हवी. तारीख उलटून गेली असेल तर टाकी बदलून मागा, तो आपला हक्क आहे. टाकी उभीच ठेवायची आणि शेगडी टाकीपेक्षा वर हवी. नळी आयएसआय खुणेची घ्या. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून बघा, काडी पेटवून कधीही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा.

खोलीत गॅस चालतच नसेल तर इंडक्शन घ्या. त्यावर ॲल्युमिनियमची भांडी चालत नाहीत, सपाट बुडाचं आणि चुंबक चिकटेल असं भांडं लागतं.

२. भांडी: थोडी घ्या, जड घ्या

संच घेऊ नका. संचातली निम्मी भांडी माळ्यावर जातात. एकट्या-दुकट्याला एवढं पुरतं: ३ लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे दोन डबे, जाड बुडाची एक कढई, दोन पातेली, लोखंडी तवा, परात, एक डाव, एक उलथनं, सांडशी, चांगली धारेची सुरी, मिसळणाचा डबा आणि एकाच मापाची वाटी. ती वाटी वेगळी ठेवा. तांदूळ, डाळ, पाणी सगळं तिनंच मोजायचं, म्हणजे कालचं आणि आजचं सारखं राहतं.

पातळ बुडाची कढई स्वस्त पडते, पण नवशिक्याला तीच सगळ्यात जास्त त्रास देते. मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. पैसे वाचवायचे तर डब्यांवर वाचवा.

सुरीबद्दल एक. बोथट सुरी जास्त कापते, कारण आपण जोर लावतो आणि ती सटकते. कांदा आधी उभा अर्धा करा, सपाट बाजू पाटावर टेकवा, मग चिरा. धरणाऱ्या हाताची बोटं आत मुडपलेली हवीत. वेग आपोआप येतो.

३. बाजार

भाजीला कपिलतीर्थ मार्केट किंवा लक्ष्मीपुरी. लक्ष्मीपुरीत रविवारी मोठा बाजार भरतो, आणि धान्य-कडधान्याची दुकानंही त्याच भागात आहेत. पहिल्या खेपेला एवढंच आणा: तूरडाळ, अख्खा मसूर, मटकी, रोजचा तांदूळ, शाळूचं (ज्वारीचं) पीठ, शेंगतेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ, चटणी (म्हणजे कांदा-लसूण मसाला, पुढं सांगते), गूळ, चिंच, कांदे, लसूण. बाकी मसाल्याची पुडकी नकोत.

बाहेरून आलेल्यांसाठी: इथं पालेभाजी पेंडीनं म्हणजे जुडीनं मिळते, ढबू म्हणजे सिमला मिरची, आणि ‘जवारी’ म्हटलेलं वांगं, मिरची किंवा कोथिंबीर देशी वाणाची समजतात. जवारी दिसायला डावी, पण चवीला उजवी. नवखे आहात हे लपवू नका. “मावशी, मला आत्ताच करायला शिकायचंय, कोवळी गवारी कशी ओळखायची?” असं विचारलंत तर कोल्हापुरातली भाजीवाली मावशी एक शेंग मोडून हातात देते. टचकन मोडली तर कोवळी, दोरा निघाला तर जून. वांग्याचं देठ हिरवं आणि ताजं हवं, आणि हातात घेतल्यावर वांगं हलकं लागलं पाहिजे. जड असेल तर आत बिया भरल्यात.

तांदूळ शिकायला साधा घ्या. आजरा घनसाळ वासाचा, चवीचा आणि महागडा. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हात बसल्यावर तो आणा. दुकानदाराला तांदूळ नवा की जुना एवढं नक्की विचारा, कारण जुन्याला पाणी जास्त लागतं आणि नवा चटकन गिच्च होतो.

गुळाच्या गावात राहताय तर गूळ बघून घ्या. लखलखीत पिवळा गूळ छान दिसतो, पण तो रंग बऱ्याचदा रसायन घालून आणलेला असतो. आमटीला काळपट तांबूस गूळच चांगला.

४. चटणी चांगली मिळाली की निम्मं काम झालं

इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, पानात वाढायची ओली चटणी नव्हे. उन्हाळ्यात घरोघरी मिरच्या वाळवून, देठ काढून, डंकावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कांडून वर्षाची चटणी करतात. रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी. सोबत तेलात तळलेला कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर, सुकं खोबरं, तीळ, धणे, जिरं आणि गरम मसाला. म्हणजे दहा डब्यांतून चमचा चमचा काढून जे करायचं ते या एका चटणीत आधीच झालेलं असतं. नवशिक्याच्या दृष्टीनं कोल्हापूरइतकं सोयीचं गाव नाही, असं मी म्हणते ते यामुळंच.

ती कुठून आणायची? पहिला मार्ग शेजारचा. घरमालकीण काकूंना विचारा, त्यांच्या चटणीत तुमची अर्धा किलो बसते. मोबदला द्या, फुकट घेऊ नका. दुसरा मार्ग बचत गटाच्या बायकांचा. सुटी घेताना चिमूटभर तळहातावर चोळा. बोटांना तेलकटपणा लागला पाहिजे आणि आधी कांदा-लसणाचा वास आला पाहिजे, मिरचीचा नंतर. नुसता भडक लाल रंग आणि कोरडी पूड असेल तर पुढच्या दुकानात चला.

काचेच्या बरणीत भरा आणि वर हिंगाचे दोन-तीन खडे ठेवा. रोजच्या वापरापुरती मिसळणाच्या डब्यात काढा. मोठ्या बरणीत ओला चमचा गेला की पावसाळ्यात बुरशी धरलीच म्हणून समजा.

माप: दोघांच्या आमटीला सपाट एक चहाचा चमचा. गावाचं नाव ऐकून तीन चमचे घालू नका. इथल्या घरातलं रोजचं जेवण ढाब्याइतकं जळजळीत नसतं.

५. भात आणि डाळ एकाच कुकरात

एक वाटी तांदूळ दोन-तीन पाण्यांत धुवा आणि दोन वाट्या पाणी घाला. दुसऱ्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि तेलाचे चार थेंब. तेलानं फेस कमी येतो. डाळ अर्धा तास आधी भिजवलीत तर हमखास शिजते. कुकरच्या तळाला पेलाभर पाणी, खाली डाळ, वर भात. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग आच मध्यम करून आणखी तीन.

डाळीत आधीच चिंच किंवा टोमॅटो घालू नका. आंबट पडलं की डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. हेच मसूर-मटकीलाही लागू आहे. आंबट नेहमी शिजल्यावर.

कुकर लावण्याआधी झाकणाच्या शिट्टीची नळी उजेडाकडं धरून आरपार बघा, आत भाताचं शीत अडकलेलं असू शकतं. डबे न लावता थेट कुकरात डाळ किंवा कडधान्य शिजवताना तो निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही. आणि वाफ आपोआप जाईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, कितीही भूक लागली असली तरी.

६. फोडणी

इथं घाई करू नका. दमानं घ्या. महाराष्ट्रातलं निम्मं जेवण फोडणीवर उभं आहे, आणि बिघडतं तेही इथंच.

आधी सगळं ओट्यावर मांडून ठेवा: मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, चिरलेला कांदा, हळद, चटणी आणि बाजूच्या शेगडीवर गरम पाणी. तेल तापल्यावर डबा शोधायला गेलात तर परत येईपर्यंत सगळं काळं झालेलं असतं.

कढई पूर्ण कोरडी करून घ्या. दोघांसाठी दीड मोठा चमचा तेल, आच मध्यम. एक मोहरी टाकून बघा. ती बुडाला नुसती बसून राहिली तर तेल अजून गार आहे. लगेच तडकली तर तयार आहे. धूर यायला लागला तर जास्त तापलंय, गॅस बंद करून मिनिटभर थांबा.

आता मोहरी घाला आणि कान द्या. आधी एक-दोन दाणे तडतडतात, मग सगळे एकदम, मग आवाज कमी होतो. आवाज कमी होताना जिरं घाला. मोहरी तडतडायच्या आधीच बाकीचं ओतलंत तर ती कडवट, कच्ची राहते आणि दाताखाली येते. जिरं फुललं की हिंग, कढीपत्ता (तो पुसून घ्या, ओला असेल तर तेल अंगावर उडतं) आणि लसूण. लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की लगेच कांदा.

कांदा ‘परतला’ हे ओळखायला तीन टप्पे लक्षात ठेवा. पहिल्यांदा तो पारदर्शक होतो आणि डोळ्यांना झोंबायचा थांबतो. मग मऊ पडून गुलाबी होतो आणि वासात गोडी येते. मग कडा तांबूस होतात. आमटीला दुसरा टप्पा पुरे, रश्शाला तिसरा लागतो. चिमूटभर मीठ कांद्यातच घातलं तर तो लवकर मऊ पडतो. बाकीचं मीठ घालताना तेवढं धरून चला.

आता चटणी, आणि इथं सगळं लक्ष कढईत हवं. गॅस अगदी बारीक करा. हळद घाला, चटणी घाला, दोनदा हलवा आणि लगेच चमचा-दोन चमचे गरम पाणी शिंपडा. तिखट तेलात काही सेकंदांतच जळतं, पाण्यानं ते सावरतं. पाणी आटत आलं की चटणी कांद्याला धरते, कडेनं लालभडक तेल वेगळं दिसायला लागतं आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतो. तेल सुटलं ते हेच. इथवर आलात की आमटी जमली.

रंग काळपट झाला आणि घशाला ठसका लागला तर चटणी जळली. ती वाचवायला जाऊ नका. कढई धुऊन परत सुरू करा. दोन चमचे तेल आणि कांदा गेला तरी चालेल, पण जळकी फोडणी घातली तर डाळही वाया जाते.

पुढं सोपं आहे. घोटलेली डाळ, दीड-दोन वाट्या गरम पाणी, बोराएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ आणि पाऊण चहाचा चमचा मीठ. पाणी गरमच हवं, गार पाण्यानं तवंग बसतो आणि उकळी यायलाही वेळ जातो. पाच-सात मिनिटं उकळा आणि चाखा. सपक लागली तर आधी मीठ, तिखट लागली तर थोडा गूळ, नुसतीच जड लागली तर चिंच. एका वेळी एकच बदल करून परत चाखा.

कधी तेलानं पेट घेतला तर पाणी ओतू नका, भडका उडतो. गॅस बंद करा आणि वर घट्ट झाकण ठेवा.

७. सुकी भाजी

फोडणी आली की भाजी वेगळी शिकावी लागत नाही. मेथी, दोडका, गवारी, ढबू, सगळ्यांचा पाया तोच. फरक फक्त पाण्याचा. मेथी आणि दोडका स्वतःचं पाणी सोडतात, वरून घालू नका. गवारीला थोडं लागतं.

एक जुनी युक्ती सांगते. कढईवर खोलगट ताटली झाका आणि त्या ताटलीत पाणी ओता. आतली वाफ ताटलीला लागून परत भाजीवर पडते, भाजी करपत नाही, आणि पाणी घालायची वेळ आलीच तर ताटलीतलं गरम पाणी हाताशी असतं. पालेभाजीत मीठ ती बसल्यावर घाला. कढईभर दिसणारी मेथी मूठभर होते, आधी घातलं तर हमखास खारट.

८. उसळ: मसूरपासून सुरू करा

मटकीला मोड आणायला वेळ लागतो. आठ-दहा तास भिजवून, पाणी काढून, फडक्यात बांधून ठेवायची. उन्हाळ्यात रातोरात मोड येतात, जुलै-ऑगस्टच्या गारठ्यात दीड दिवसही लागतो. म्हणून पहिली उसळ अख्ख्या मसूरची करा. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या ढाब्यांवर रोटीबरोबर जो खातात तोच. तासभर भिजवला तरी पुरतो, कुकरात दोन-तीन शिट्ट्यांत शिजतो. फोडणी वरचीच, फक्त कांदा दुप्पट, तिसऱ्या टप्प्यापर्यंत परतलेला, आणि त्यात एक टोमॅटो पूर्ण विरघळेपर्यंत. चिंच-गूळ नको. शेवटी डावानं थोडा मसूर कढईच्या कडेला दाबून मोडा, रस्सा आपोआप दाट होतो.

९. भाकरी

भाकरी शेवटी शिका, पण शिका. ती विकत मिळते हे खरं, तरी गरम भाकरी, खर्डा आणि कच्चा कांदा हे जेवण स्वतःच्या हातानं करता येणं ही मोठी गोष्ट आहे.

गव्हाच्या कणकेत चिकट ताण असतो, ज्वारीत तो नसतो. त्यामुळं ज्वारीचं पीठ गार पाण्यात मळलं की थापताना फाटतं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा धरून राहतो. दुसरी अट ताज्या पिठाची. जुन्या पिठाची विरी, म्हणजे गोळा धरून ठेवणारा चिकटपणा, जाते. शाळू आणून गिरणीतून एका वेळी किलोभरच दळून घ्या आणि आठवड्यात संपवा. पिठाला कडवट वास यायला लागला तर कितीही मळा, भाकरीच्या कडा चिरणारच.

एका भाकरीचं पीठ, म्हणजे भरगच्च पाऊण वाटी, परातीत घ्या. मधे खळगा करून कडकडीत पाणी थोडं थोडं घाला, आधी चमच्यानं कालवा, मग हातानं. तळहाताच्या टाचेनं पुढं रेटत दोन-तीन मिनिटं मळा. गोळा बोटानं दाबल्यावर कडा चिरल्या नाहीत तर मळणं झालं. चिरल्या तर हात ओला करून आणखी मळा. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका. एक थापायची, ती तव्यावर असताना दुसरीचं मळायचं.

परातीत कोरडं पीठ भुरभुरा, गोळा चपटा करून ठेवा आणि बोटांनी कडेकडेनं थापत फिरवा. भाकरी परातीत आपसूक गोल फिरली पाहिजे. अडकली तर खाली पीठ कमी आहे. पहिल्या खेपेला वाटीच्या तोंडाहून थोडीच मोठी करा. मोठी भाकरी उचलतानाच मोडते.

तवा चांगला तापलेला हवा, आच मोठी. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात सगळीकडं फिरवा, कडेलासुद्धा. वरचं पाणी दिसेनासं झालं, पण पूर्ण कोरडं पडलं नाही, अशा वेळी उलटा. फार थांबलात तर वर चिरा पडतात. दुसरी बाजू नीट भाजू द्या, खाली तांबूस डाग आले पाहिजेत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट जाळावर धरा. वाफ आत कोंडते, पापुद्रा सुटतो आणि भाकरी फुगते. इंडक्शनवाल्यांनी तव्यावरच कोरड्या फडक्यानं कडा दाबायच्या.

नाही फुगली तरी ती भाकरीच आहे. आमटीत कुस्करून खा. फुगण्याआधी चव जमते.

१०. उरलेलं, आणि पावसाळा

शिजलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. फ्रीज नसेल तर भात मोजूनच लावा. आमटी रात्री उकळून झाकून ठेवलीत तर थंडीत सकाळपर्यंत राहते, एप्रिल-मेमध्ये तेवढा भरवसा धरू नका. पावसाळ्यात मीठ, डाळी, पीठ सगळ्याला दमट हवा लागते, घट्ट झाकणाचे डबे तेवढ्यासाठी घ्या. वाटी, चमचा, हात, सगळं कोरडं असू द्या.

११. पाच पदार्थ हातात बसल्यावर: रविवारचा रस्सा

कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा करावासा वाटणारच. आमटीची फोडणी न जळता होऊ लागली आणि कांद्याचे तिन्ही टप्पे डोळ्यांना कळू लागले की खुशाल करा, त्याआधी नको. मटणाच्या दुकानात गेल्यावर रश्श्यासाठी हवंय असं सांगा, हाडासकट मिळेल. चव त्या हाडात असते.

अर्धा किलो मटण धुऊन, हळद, थोडं मीठ आणि आलं-लसूण लावून ठेवा. थोड्या तेलावर परतून त्याचं स्वतःचं पाणी आटू द्या, मग चार-पाच वाट्या गरम पाणी घालून कुकरात शिजवा. मटण कोवळं असेल तर चार-पाच शिट्ट्या, जून असेल तर जास्त. हे जे पाणी मिळतं त्याला इथं अळणी म्हणतात, आणि दोन्ही रस्से त्यातूनच निघतात.

निम्म्या अळणीचा तांबडा: कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं तांबूस भाजून बारीक वाटा, फोडणीत हे वाटण आणि चटणी तेल सुटेपर्यंत परता, मग अळणी आणि मटणाचे तुकडे. उरलेल्याचा पांढरा: तुपावर दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, चार मिरी, एक वेलदोडा. त्यात खसखस, तीळ आणि काजू भिजवून केलेलं गुळगुळीत वाटण बारीक आचेवर परता, रंग बदलू देऊ नका. मग अळणी घालून एक उकळी आणा. त्यानंतर गॅस अगदी बारीक करून नारळाचं घट्ट दूध घाला आणि हलवत राहा. कडेनं बुडबुडे यायला लागले की लगेच बंद करा, खळखळून उकळलं तर दूध फाटतं. मीठ सगळ्यात शेवटी चाखून घाला, कारण अळणीत आधीच थोडं पडलेलं असतं.